हात वर केला म्हणजे तारण झालं का? सुवार्ता सांगायच्या पद्धती आणि त्यामागचा गोंधळ

मी आत्तापर्यंत किमान सहा वेळा येशूला 'स्वीकारलंय'. हसू नका, ज्यांचं लहानपण चर्चमध्ये गेलंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा याहून मोठा निघेल. सभा संपत आली की दिवे मंद व्हायचे, कीबोर्डवर हळू चाल सुरू व्हायची, वक्ता म्हणायचा सगळ्यांनी डोळे मिटा, कुणी कुणाकडे बघू नका, ज्याला आज प्रभूला जीवन द्यायचंय त्याने फक्त हात वर करा, आणि मी दर वेळी करायचो, कारण मागच्या वेळी केलेलं नीट 'लागलं' की नाही याचीच खात्री नसायची. पुढे मोठा झाल्यावर मीच अशा सभांमध्ये पुढे आलेल्यांची कार्डं भरून घ्यायला उभा राहायला लागलो. त्या कार्डावर एक रकाना असायचा, 'तारण झाल्याची तारीख'. लोक माझ्याकडे बघायचे, काय लिहू? मी म्हणायचो, आजची लिहा.

तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. नंतर बायबल जरा सावकाश वाचलं, चर्चचा इतिहास थोडा चाळला, आणि लक्षात आलं की ज्याला मी 'तारण' म्हणत होतो त्यातला बराचसा भाग तारण नव्हताच, ती पद्धत होती, आणि ती पद्धतसुद्धा काही फार जुनी नाही, साधारण दोनशे वर्षांची.

आधी शब्द बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. मूळ ग्रीक शब्द इवांगेलियोन, आणि तो येशूच्या आधीपासून वापरात होता, सम्राटाचा विजय, राजघराण्यातला जन्म अशा खबरीसाठी. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाचं जुनं शहर आहे, तिथे इ.स.पू. ९ मधला एक शिलालेख सापडलाय, त्यात सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसाबद्दल हाच शब्द आलाय. सांगायचं कारण असं की बातमी म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची खबर. बातमी म्हणजे सल्ला नव्हे. 'तू असं कर म्हणजे तुझं भलं होईल' हा सल्ला झाला, 'असं असं घडलंय' ही बातमी झाली. प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात सुवार्ता म्हणजे काय ते दोन-तीन ओळीत सांगून टाकलंय: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, त्याला पुरलं, तो तिसऱ्या दिवशी उठला. त्यात ऐकणाऱ्याने काय करायचं याचा एक शब्द नाही. ते नंतर येतं. आधी बातमी.

आता तारण. मराठीत हा शब्द ऐकला की काही जणांना आधी कर्ज आठवतं, सोनं तारण ठेवलं वगैरे. इथे तो अर्थ नाही, इथे तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे, पार नेणे. आणि मोक्ष हा शब्दही त्याच्या जागी चपखल बसत नाही, कारण मोक्ष म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ डोक्यात येतो. ख्रिस्ती शिकवणीत अडचण फेऱ्याची नाहीये, अडचण तुटलेल्या नात्याची आहे. माणूस देवापासून दुरावला, त्याला पाप म्हणायचं, चोरी, खोटेपणा वगैरे सगळं त्या दुराव्याची फळं. मग तारण म्हणजे त्या दुराव्यातून परत आणलं जाणं. 'आणलं जाणं' मुद्दाम लिहितोय, कारण बुडणारा माणूस स्वतःला ओढून काढत नाही.

आणखी एक गोष्ट जी मला कार्डं भरताना कुणी सांगितली नव्हती, नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, तारण तिन्ही काळात येतं. इफिसकरांच्या पत्रात 'तुमचं तारण झालेलं आहे', करिंथकरांच्या पहिल्या पत्रात 'आपलं तारण होत आहे', आणि रोमकरांच्या ५व्या अध्यायात 'आपलं तारण होईल'. झालंय, होतंय, होणार आहे. ब्रह्मज्ञानी लोक याला नीतिमान ठरवलं जाणं, पवित्रीकरण आणि गौरवीकरण अशी जड नावं देतात, पण साध्या भाषेत सांगायचं तर शिक्षा माफ झाली, मग सवयी बदलताहेत, आणि शेवटी पापाचा मागमूसही राहणार नाही. कार्डावरचा रकाना या तिन्हीतला फक्त पहिला भाग पकडतो, तोही पकडतो असं आपण समजतो.

बरं, मग येशू स्वतः कशी सुवार्ता सांगायचा? याचं उत्तर शोधायला बसलात तर तुमच्या हाताला एकसुद्धा पद्धत लागणार नाही. निकदेम नावाचा मोठा धर्मशास्त्री रात्री आला, त्याला म्हणाला तुला नव्याने जन्मावं लागेल. आज ज्याला 'बॉर्न अगेन' म्हणून घोषणेसारखं वापरतात ते वाक्य येशूने शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं) फक्त त्या एका माणसाशी बोलताना वापरलंय. विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागितलं. जक्कय झाडावर चढून बसला होता, त्याला ना पापाची यादी वाचून दाखवली ना प्रार्थना म्हणायला लावली, म्हणाला खाली उतर, मी आज तुझ्या घरी उतरणार आहे, आणि जक्कयने आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत असं जाहीर केलं, तेव्हा येशू म्हणाला आज या घराला तारण लाभलं. शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे तर परत द्यायला काही नव्हतं आणि वेळही नव्हता, त्याला म्हणाला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

आणि तो श्रीमंत तरुण. मार्कच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात आहे. पळत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू म्हणून विचारतो. आमच्या ट्रेनिंगच्या हिशोबाने यापेक्षा तयार गिऱ्हाईक मिळणार नाही! (गिऱ्हाईक हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण आम्ही खरंच त्याच सुरात बोलायचो, 'आज किती आले?') आम्ही असतो तर पाच मिनिटांत प्रार्थना म्हणून घेतली असती. येशू त्याला म्हणतो जे आहे ते विकून टाक आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. आणि येशू त्याला जाऊ देतो. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली, म्हणजे जाऊ देणं हे रागातून नव्हतं. मागे पळत जाऊन अट कमी करून देणंही नव्हतं.

प्रेषितांची कृत्ये, म्हणजे पहिल्या शिष्यांची हकीकत सांगणारं नव्या करारातलं पुस्तक, वाचलंत तरी तेच. पन्नासाव्या दिवशीच्या सणाला पेत्राने यहुदी गर्दीपुढे त्यांच्याच शास्त्रातून मांडणी केली आणि सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतला. फिलिप्पाने रथात बसलेल्या एका हबशी अधिकाऱ्याला तो वाचत होता त्याच पानापासून सुरुवात करून समजावलं. पौल अथेन्सला गेला तिथे यहुदी शास्त्राचा उपयोग नव्हता, तर त्याने ग्रीक कवींच्या ओळी घेतल्या आणि 'अज्ञात देवाला' असं लिहिलेल्या वेदीपासून बोलायला सुरुवात केली. तिथे कुणी हसले, कुणी म्हणाले नंतर ऐकू, थोडे विश्वासात आले. कुठेही हात वर करणं नाही, कार्ड नाही, मागून म्हणायची प्रार्थना नाही. प्रतिसाद द्यायची जी जाहीर खूण होती ती बाप्तिस्मा.

पण थांबा, बाप्तिस्मा झाला म्हणजे झालं असंही नाही. कृत्यांच्या ८व्या अध्यायात शोमरोनमधला शिमोन नावाचा एक जादूगार आहे, त्याच्याबद्दल स्पष्ट लिहिलंय की त्याने विश्वास ठेवला आणि बाप्तिस्मा घेतला. आणि पुढच्या काही ओळीत तो प्रेषितांपुढे पैसे ठेवतो, पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य मलाही विका म्हणतो. पेत्र त्याला सांगतो तुझं मन देवापुढे सरळ नाही. म्हणजे आमच्या कार्डाच्या हिशोबात शिमोन शंभर टक्के पास होता, तारीखसुद्धा होती.

पहिल्या तीन शतकांतलं चित्र आणखी वेगळं आहे. छळ होण्याचा धोका असायचा त्यामुळे मोठ्या जाहीर सभा वगैरे शक्यच नव्हत्या, विश्वास पसरला तो घरातून, कामाच्या जागेतून, ओळखीतून. आणि घाई तर अजिबात नव्हती. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा म्हणून मानला जाणारा एक चर्चच्या नियमांचा ग्रंथ आहे, त्यात नव्या माणसाला बाप्तिस्म्याआधी ३ वर्षं शिकवावं असं सांगितलंय, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी विचारायचं काय तर हा विधवांशी कसा वागला, आजाऱ्यांना भेटला का. आजच्या काही सभांत तीन मिनिटांत जे होतं त्याला तेव्हा तीन वर्षं. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला रोमन सम्राट ज्युलियन ३६२ साली आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाच्या पत्रातून मिळालेली पावती आहे ही, म्हणून मला ती जास्त खरी वाटते.

नंतर सत्ता हातात आली आणि सगळ्यात वाईट पद्धतही आली, जबरदस्ती. आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांना जिंकून कायदा केला की बाप्तिस्मा नाकारून लपून राहील त्याला मरणदंड. त्याच्याच दरबारातला विद्वान अल्क्विन याने विरोध केला, म्हणणं एवढंच की विश्वास ही मनाची गोष्ट आहे, माणसाला बाप्तिस्म्याला ढकलत नेता येईल पण विश्वासाला नाही. मला हे वाक्य सबंध विषयाची किल्ली वाटतं, कारण ढकलणं फक्त तलवारीनेच होतं असं नाही, संगीताने होतं, भीतीने होतं, शेजारचे चौघे उठलेत म्हणून होतं, मदतीच्या आमिषाने तर फारच होतं.

आता आपण ज्याला 'सुवार्ता सभा' म्हणतो तिच्याकडे येऊ. १७३९ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला जॉर्ज व्हाइटफील्डने कोळसा खाणीतल्या कामगारांना उघड्या मैदानात उपदेश करायला सुरुवात केली, पाठोपाठ जॉन वेस्लीने. हजारोंची गर्दी, पण शेवटी 'पुढे या' नसायचं. वेस्लीने त्यानंतर जे केलं ते जास्त महत्त्वाचं होतं असं माझं मत, त्याने लोकांचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले, दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांना विचारायचं तुझ्या जिवाचं कसं चाललंय. म्हणजे त्याला भाषणाच्या रात्रीइतकीच पुढच्या मंगळवारची काळजी होती.

वळण आलं चार्ल्स फिनीपासून. हा अमेरिकेतला वकिली शिकलेला माणूस, १८२१ मध्ये त्याचं मन पालटलं, आणि १८३०-३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात त्याच्या सभा गाजल्या. ज्यांच्या मनात तळमळ आहे त्यांनी पुढच्या खास बाकावर येऊन बसायचं, अशी 'तळमळीच्या बाकाची' पद्धत त्याने नेहमीची करून टाकली. मेथडिस्टांच्या, म्हणजे वेस्लीच्या परंपरेतल्या लोकांच्या, शिबिरांत तसं आधीही थोडंफार चालायचं, पण फिनीने त्यामागे विचार उभा केला. १८३५ च्या आपल्या व्याख्यानांत त्याने म्हटलं की जागृती, म्हणजे लोकांमध्ये एकाएकी पसरणारी विश्वासाची लाट, हा चमत्कार नाही, योग्य साधनं योग्य तऱ्हेने वापरली की तिचं फळ येतं, शेतात बी पेरल्यावर येतं तसं. वकिलाचं डोकंच ते, आजच्या आज निकाल पाहिजे. १८४३ मध्ये जॉन नेव्हिन नावाच्या शिक्षकाने त्या बाकाविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली, त्याची तक्रार अशी की बाकापर्यंत चालत जाणं आणि ख्रिस्तापर्यंत जाणं यात लोकांची गल्लत होणार. झाली की नाही ते तुम्हीच बघा, कारण मी सहा वेळा गेलो होतो.

तिथून पुढे साखळी सरळ आहे. डी. एल. मूडी या अमेरिकन उपदेशकाने बाकाऐवजी वेगळी खोली ठेवली, सभेनंतर तिथे एकेकाशी बोलायचं, आणि खरं सांगायचं तर ही सुधारणा होती. बिली संडे हा आधी व्यावसायिक बेसबॉल खेळाडू, मग उपदेशक, त्याच्या लाकडी मंडपात जमिनीवर भुसा पसरलेला असायचा, लोक त्यावरून चालत येऊन त्याच्याशी हात मिळवायचे. आणि अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम, त्याची १९४९ ची लॉस एंजलिसची तंबूतली सभा तीन आठवड्यांची ठरली होती ती आठ आठवडे चालली. ग्रॅहमच्या मंडळींनी दोन चांगल्या गोष्टी केल्या ज्या नक्कल करणारे विसरले. एक, पुढे आलेल्याला ते 'तारलेला' म्हणून मोजत नसत, 'चौकशी करणारा' म्हणत. दुसरी, कार्ड भरायचं ते पुढचा पाठपुरावा व्हावा म्हणून, जवळच्या चर्चला नाव कळावं म्हणून. आपल्याकडे कार्ड राहिलं आणि पाठपुरावा गेला.

मग आल्या पुस्तिका. बिल ब्राइटने १९५१ मध्ये कॉलेजातल्या मुलांसाठी कॅम्पस क्रूसेड सुरू केलं आणि सगळा निरोप चार 'नियमांत' बसवला: देव तुझ्यावर प्रीती करतो, माणूस पापी आहे, येशू हाच उपाय, आणि तू त्याला व्यक्तिशः स्वीकारायला हवं. मागे एक छोटी प्रार्थना. त्याच पुस्तिकेत आगगाडीचं चित्र असतं, इंजिन म्हणजे सत्य, मागे कोळशाचा डबा म्हणजे विश्वास, शेवटचा डबा म्हणजे भावना, आणि गाडी शेवटच्या डब्यावाचूनही चालते. हे चित्र मला आजही आवडतं, गंमत म्हणजे मंद दिव्यांच्या सभेत बरोबर उलटी गाडी चालवली जाते. १९६२ मध्ये फ्लोरिडात जेम्स केनेडी या पाळकाने दोन प्रश्नांची पद्धत काढली: आज रात्री मेलास तर स्वर्गात जाशील याची खात्री आहे का, आणि देवाने विचारलं की तुला आत का घेऊ, तर काय सांगशील? दुसरा प्रश्न फार हुशार आहे, कारण बहुतेक जण उत्तर देतात 'मी चांगला वागलो', आणि तिथे कळतं की माणूस कशावर भरवसा ठेवून आहे. लंडनच्या एका चर्चमधून निघालेला अल्फा कोर्स १९९० नंतर जगभर गेला, त्याची रीत एकत्र जेवायचं, थोडं ऐकायचं, मग हवे ते प्रश्न विचारायचे.

यातली एकही पद्धत मुळातच खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत पुस्तिकेची प्रार्थना म्हणून खरोखर पालटलेले लोक आहेत. घोटाळा होतो तो 'ही प्रार्थना म्हटलीस ना, मग तू तारला गेलास, यावर कधी शंका घेऊ नकोस' या वाक्याने. हे वाक्य बोलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि ज्या वचनावर ही प्रार्थना उभी करतात, 'मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे', ते प्रकटीकरण ३:२०, ते अविश्वासी माणसाला लिहिलेलंच नाही, लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलंय, कोमट झालेल्या ख्रिस्ती लोकांना. म्हणजे दाराबाहेर येशू उभा आहे आणि आत चर्च बसलंय. जरा बोचतं ते.

मग खरं तारण कशाने होतं? सगळ्यात छोटं उत्तर, कृपेने, विश्वासाच्या द्वारे. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं. इथे विश्वास म्हणजे काय यावर जुन्या शिक्षकांनी छान फोड केलीय, तीन भाग: माहिती असणं, ती खरी आहे असं पटणं, आणि तिच्यावर भार टाकणं. याकोब आपल्या पत्रात लिहितो की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, म्हणजे पहिले दोन भाग सैतानाकडेही आहेत. तिसऱ्यासाठी उपदेशक ब्लाँडिनची गोष्ट सांगतात, नायगाराच्या दरीवर दोरावरून चालणारा, आणि त्याच्या ढकलगाडीत बसायला कुणी तयार झालं नाही वगैरे. गाडीत बसायला कुणी तयार झालं नाही हा भाग बहुधा उपदेशकांनीच रंगवलाय, पण १८५९ मध्ये तो आपल्या मॅनेजरला, हॅरी कॉलकॉर्डला, पाठीवर घेऊन खरंच पलीकडे गेला. काठावर टाळ्या वाजवणाऱ्या हजारोंनाही पटलेलं होतं की हा नेऊ शकतो. पाठीवर कॉलकॉर्ड होता.

विश्वासाला चिकटूनच येतो पश्चात्ताप, आणि इथे आपली मराठीच आपल्याला चकवते. पश्चात्ताप म्हणजे शब्दशः मागाहून होणारा ताप, त्यामुळे आपल्याला वाटतं की रडलं म्हणजे झाला. नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, त्याचा अर्थ मन बदलणं, आणि त्यामागचा इब्री शब्द तर सरळ 'मागे वळणं' असा आहे, रस्ता चुकला म्हणून वळतो तसा. यहूदा इस्कर्योतालाही येशूला धरून दिल्यावर ताप झाला, चांदीची नाणी परत टाकली, पण तो वळला नाही, त्याने जीव दिला. मत्तयने त्याच्यासाठी वेगळं क्रियापद वापरलंय. पेत्रही त्याच रात्री तीनदा येशूला नाकारून ओक्साबोक्शी रडला, पण तो परत आला. ताप दोघांच्याही गोष्टीत आहे, फरक तोंड कुठे वळलं यात आहे. आणि हे एकदाच करायचं नसतं. जर्मनीतला चर्च-सुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा, की येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्यच पश्चात्ताप असावं असं त्याला म्हणायचं होतं.

मग चांगली कामं? ती कुठे बसतात? यावरून युरोप दुभंगला. ल्यूथरचं म्हणणं माणूस फक्त विश्वासाने नीतिमान ठरतो, कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये 'फक्त विश्वास' या शिकवणीला नकार दिला. १९९९ मध्ये ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लुथरन आणि कॅथलिक दोघांनी मिळून एका निवेदनावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी तयार करतो. सगळे वाद मिटले नाहीत, पण साडेचारशे वर्षांनी एवढं तरी एकत्र म्हणता आलं. खरं तर इफिसकरांच्या २ऱ्या अध्यायात ८, ९ आणि १० या तीन ओळी एका दमात वाचल्या तर भांडणाचं बरंचसं कारण उरत नाही: कृपेने तारण, कर्मांनी नाही, पण चांगल्या कर्मांसाठी निर्माण केलेले. आपण नवव्या ओळीवर थांबतो. कामं हे झाडाचं फळ आहे, मूळ नाही, फळ बाहेरून बांधून झाड जिवंत होत नाही, आणि वर्षानुवर्षं काहीच येत नसेल तर मुळाकडे बघावं लागतं.

प्रोटेस्टंटांच्या आतही हाच वाद पुन्हा उफाळला. १९८८ मध्ये अमेरिकेतले पाळक जॉन मॅकआर्थर यांनी मांडलं की येशूला तारणारा मानायचं पण प्रभू, म्हणजे मालक, मानायचं नाही असं होऊच शकत नाही. पुढच्याच वर्षी झेन हॉजेस यांनी उत्तर दिलं की अशा अटी घालायला लागलात तर कृपा फुकट राहिलीच कुठे. मला दोघांच्याही भीतीत तथ्य दिसतं. हॉजेस यांना भीती की रडवेल्या जिवाला आपण आणखी एक जिना चढायला लावू, आणि मॅकआर्थर यांना भीती की लोक विम्याची पॉलिसी घेतल्यासारखं येशूला कपाटात ठेवून देतील. १९३७ मध्ये जर्मनीत दीट्रिख बोनहोफरने या दुसऱ्या प्रकाराला 'स्वस्त कृपा' म्हटलं होतं, म्हणजे पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्य न होता मिळणारी कृपा. त्याने हे आरामखुर्चीत बसून लिहिलं नव्हतं, १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फासावर दिलं. माझा कल त्याच्याकडे आहे, पण एक पुरवणी जोडून: येशूला मालक मानणं ही आत शिरायची फी नाही, आत शिरल्यावर दिसणारी घरातली व्यवस्था आहे.

एकदा तारण झालं की ते जातं का, हा प्रश्न हटकून येतोच. जॉन कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या सुधारकाच्या परंपरेतल्या मंडळींनी हॉलंडमधल्या डॉर्टच्या परिषदेत १६१८-१९ मध्ये ठरवलं की देव ज्यांना खरोखर आपलं करतो त्यांना शेवटपर्यंत राखतो, वेस्लीच्या परंपरेतले म्हणतात माणूस पाठ फिरवू शकतो. वाद जुना आहे, मिटणार नाही. पण एका गोष्टीवर दोघेही एकमताने मान डोलावतील, की जो वर्षानुवर्षं येशूकडे ढुंकूनही बघत नाही त्याने चौदाव्या वर्षी भरलेल्या कार्डाच्या भरवशावर निवांत झोपू नये.

मग खरं काय आणि उसनं काय, ओळखायचं कसं? यावर सगळ्यात बारीक काम केलं जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने. १७३४-३५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनमधल्या त्याच्याच मंडळीत मोठी जागृती झाली, पुढे १७४० च्या सुमारास आणखी मोठी, आणि मग त्याने बघितलं की रडणारे, कोसळणारे, साक्षी देणारे यातले काही टिकले, काही वर्ष-दोन वर्षांत होते तसे झाले. म्हणून १७४६ च्या ग्रंथात त्याने आधी १२ अशा खुणा दिल्या ज्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, ना हो ना नाही: भावना फार तीव्र होत्या, अंग थरथरलं, देवाबद्दल भडाभडा बोलता येतं, वचनं आपोआप मनात येतात, स्वतःला पक्की खात्री वाटते. हो, खात्रीसुद्धा! मग १२ खऱ्या खुणा, त्यातली शेवटची आणि त्याच्या मते सगळ्यात भरवशाची म्हणजे रोजचं वागणं, तेही दीर्घकाळचं. येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात हेच सांगितलंय, खडकाळ जमिनीवरचं बी तर लगेच उगवतं, आनंदाने उगवतं, आणि ऊन तापलं की करपतं. सभेच्या रात्री चांगल्या आणि खडकाळ जमिनीत फरक दिसतच नाही. उलट खडकाळ जमीनच जास्त हिरवी दिसते, आणि आम्ही तोच फोटो अहवालाला लावायचो.

सुवार्ता सांगायचीच नाही का मग? सांगायची, बातमी दाबून ठेवण्यात काही शहाणपण नाही. पण ज्याला सांगायचं त्याचा 'नाही' ऐकून घ्यायची तयारी ठेवून. २०११ मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी, जे एरवी फारसे एका टेबलावर बसत नाहीत, साक्षीच्या आचारसंहितेचं एक निवेदन एकत्र काढलं, त्यात फसवणूक, जबरदस्ती, आणि लोकांच्या गरिबीचा फायदा घेणं हे सुवार्तेच्याच विरुद्ध आहे असं स्वच्छ म्हटलंय. मी यात आमचे मंद दिवेही धरतो. हल्ली माझ्याकडे कुणी प्रार्थना करायला आलं तर मी माझ्यामागून म्हण असं सांगत नाही, तूच तुझ्या शब्दांत बोल म्हणतो. काही जण दोन मिनिटं गप्प बसतात. एक गृहस्थ म्हणाले मला अजून काही बोलायचं नाहीये. मी म्हटलं बरं, मग मार्कचं शुभवर्तमान सोबत वाचूया का, सोळाच अध्याय आहेत. सातव्यापर्यंत आलोय.

आणि ज्यांना माझ्यासारखी सहा-सहा वेळा हात वर करायची सवय लागलीय त्यांच्यासाठी, योहानाचं पहिलं पत्र वाचा. त्याने ५व्या अध्यायात लिहिलंय की तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितोय, म्हणजे पत्राचा हेतूच हा. सबंध पत्र शोधलं तरी तो 'ती रात्र आठव' असं एकदाही म्हणत नाही. त्याचे प्रश्न आजचे आहेत: पुत्रावर तुझा विश्वास आहे का, पाप झालं तर कबूल करतोस की झाकतोस, आणि तो शेजारचा भाऊ, जो डोळ्यांना दिसतोय, त्याच्यावर प्रीती करतोस का.